पाच मिनिटांचं पात्र, तीनशे पानांची कादंबरी: तुमचा वाँग का अडलाय

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्व्हलच्या २०१६ च्या 'डॉक्टर स्ट्रेंज' या चित्रपटात स्ट्रेंज नावाचा सर्जन जादूगार होतो; त्यातला ग्रंथपाल वाँग तुम्हाला या नायकापेक्षा जास्त आवडला, म्हणून तुम्ही त्याच्यावर कादंबरी लिहायला घेतलीत. बालपण, कामर-ताज या जादूगारांच्या मठात येणं आणि प्रशिक्षण अशी तीन प्रकरणं वाँगच्याच तोंडून लिहून झाली आणि गाडी तिथेच थांबली. पहिलं प्रकरण तुम्ही सोबत जोडलंय. 'चित्रपटात माहितीच इतकी कमी आहे की पात्र फिकं पडतं. इंग्रजीत लोक पाच मिनिटांच्या पात्रावर तीनशे पानं लिहितात ती कशी?' असं तुम्ही विचारता. शेवटी जाता जाता हेही विचारलंत, की पुरी झाल्यावर ही कादंबरी पाठवायची कुठे.

मी न्यू जर्सीत राहते आणि टाय-इन कादंबऱ्यांचं, म्हणजे चित्रपट-कॉमिक्समधल्या पात्रांवर परवानगीने लिहिलेल्या कादंबऱ्यांचं, संपादन करते. या धंद्यात पात्रं एका स्टुडिओची असतात, छापणारा प्रकाशक दुसरा आणि लिहिणारा तिसराच. माझ्याकडे येणाऱ्यांत सुपरहिरोंची पुस्तकं बरीच, आणि त्यातली पुष्कळशी मुख्य हिरोवर नसतात. तेव्हा तुम्ही अडलात ती जागा माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

माहिती कमी आहे हे खरं दुखणं नाही. बालपणाची माहिती चित्रपटात शून्य होती, तरी त्यावर तुम्ही अख्खं प्रकरण लिहिलंतच की. अडचण वेगळीच आहे. चित्रपटात दुय्यम पात्राला एक काम नेमून दिलेलं असतं आणि ते नायकाच्या गरजेतून आलेलं असतं. वाँगचं काम स्ट्रेंजला अडवायचं. त्याने पुस्तक मागितलं की हात आखडायचा, विनोद केला की हसायचं नाही, घाई केली की धोका सांगायचा. हे काम तो चोख करतो आणि बाजूला होतो. त्याला स्वतःला काय हवंय हे चित्रपट विचारत नाही, कारण विचारलं तर स्ट्रेंजची गोष्ट तेवढा वेळ थांबेल. तुम्हीही ते विचारलेलं नाही. तुम्ही तो कुठून आला ते लिहिलंत. त्यामुळे चरित्र वाढत गेलं आणि गोष्ट सुरूच झाली नाही.

माझ्या लेखकांना मी सुरुवातीलाच एक कंटाळवाणं काम सांगते. चित्रपट लावा आणि त्या पात्राचा प्रत्येक संवाद वहीत उतरवून काढा. बहुतेकदा चार-पाच पानांत संपतं. मग प्रत्येक संवादापुढे लिहा: हे कोणाला उद्देशून आहे, कोणता प्रश्न त्याने टाळला, आणि कोणत्या वाक्यावर तो जराही मागे हटला नाही. ही शेवटची खूण सर्वांत मोलाची. दुय्यम पात्रं फार ठाम असतात. त्यांनी ठाम असावं हीच पटकथेची सोय असते, म्हणजे नायकाला धडकायला काहीतरी मिळतं. कादंबरीत तेच ठाम वाक्य घ्यायचं आणि ते वाक्य बोलण्याची त्या माणसाला काय किंमत पडली, किंवा पडणार आहे, ते लिहायचं. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढं एकच उत्तर आहे. बाकी सगळं याच्या आजूबाजूचं.

छापून आलेलं उदाहरण घेऊ. 'ब्लॅक पँथर' (२०१८) मधली ओकोये. वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या राजाच्या अंगरक्षक स्त्रियांची, डोरा मिलाजेची ती प्रमुख. तिचं ठाम वाक्य शोधायला लांब जावं लागत नाही. राजा टी'चालाला हरवून किलमाँगर गादीवर बसतो तेव्हा वाकांडाची हेर नाकिया तिला आपल्याबरोबर चल म्हणते आणि ओकोये नकार देते. माझी निष्ठा सिंहासनाशी, त्यावर कोणीही बसो, असं तिचं म्हणणं. चित्रपटाला या वाक्याचा उपयोग एवढाच की टी'चाला एकटा पडावा. पण हे वाक्य उच्चारणाऱ्या बाईचा विचार करा. तिला तो नवा राजा मान्य नाही हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं, तरी ती जागची हलत नाही. अशी माणसं आयुष्यात कधीतरी अशा ठिकाणी जाऊन आलेली असतात, जिथे त्यांचं सिंहासन कोणी ओळखत नाही.

आता त्याच चित्रपटातली एक बारीकशी गोष्ट बघा. दक्षिण कोरियातल्या बुसानच्या कॅसिनोत क्लॉ या शस्त्रतस्कराला पकडायला तिघं वेष बदलून जातात. ओकोयेचं डोकं एरवी तुळतुळीत, त्यावर टॅटू. इथे तिला विग घालावा लागलाय आणि तिला तो अजिबात सहन होत नाही. ती तसं बोलूनही दाखवते. मारामारी सुरू होते तेव्हा ती तो विग उपटते आणि समोरच्याच्या तोंडावर फेकते. प्रेक्षक हसतात आणि क्षण संपतो. टाय-इन लिहिणाऱ्याने इथे थांबायचं. या तीन सेकंदांत तीन गोष्टी आहेत: परक्या देशात लपूनछपून वावरणं तिला अपमानास्पद वाटतं, स्वतःच्या रूपाचा तिला अभिमान आहे, आणि हातात येईल त्या वस्तूचं ती हत्यार करते. पहिल्या गोष्टीतून थेट प्रश्न निघतो. ही बाई पहिल्यांदा वाकांडाबाहेर गेली तेव्हा काय झालं असेल?

इबी झोबोई यांची 'ओकोये टू द पीपल' ही २०२२ ची कादंबरी नेमकी त्या काळात घडते. ओकोये अजून नवखी आहे, टी'चालाचे वडील टी'चाका राज्य करताहेत, आणि पहिल्याच मोहिमेवर ती न्यूयॉर्कला येते. ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल वस्तीत डोरा मिलाजे म्हणजे काय हे कोणाच्या गावीही नाही. भाला, गणवेश, पद, सगळं इथे निरुपयोगी. लेखिकेने विगवरून सुरुवात केली असं मी म्हणत नाही; ते तिलाच ठाऊक. पण जागा कशी निवडली आहे ते बघा. ज्या गोष्टीवर पात्राचा पाय घट्ट रोवलेला आहे, नेमकी तीच जिथे चालत नाही, तिथे पात्राला नेऊन सोडलंय. टी'चालाची गाठ पडण्याचा प्रश्नच येत नाही, म्हणून ओकोयेला तिथे स्वतःच्या डोक्याने वागावं लागतं.

आता तुमचा वाँग. माझ्या मते तुमच्या हातात सोनं आहे आणि तुम्ही त्याच्या आधीची वीस वर्षं लिहीत बसला आहात.

चित्रपटाचं पहिलं दृश्य आठवा. काठमांडूतल्या कामर-ताजमध्ये रात्री खलनायक केसिलियस आणि त्याची माणसं ग्रंथालयात शिरतात, तिथल्या ग्रंथपालाचं मुंडकं उडवतात आणि एका पोथीची पानं फाडून नेतात. मग गोष्ट न्यूयॉर्कला जाते, स्ट्रेंजचा अपघात होतो, हातांवर शस्त्रक्रिया होतात, पैसे संपतात आणि मग तो काठमांडूला पोचतो. तो ग्रंथालयात येतो तेव्हा त्या टेबलामागे वाँग बसलेला आहे. आधीच्या ग्रंथपालाचं काय झालं ते वाँग त्याला कोरड्या आवाजात सांगतो, आणि यापुढे इथलं पुस्तक चोरीला गेलं तर चोर आवाराबाहेर जिवंत पडणार नाही अशी तंबीही देतो. स्ट्रेंजला हे भयंकर गंमतीदार वाटतं. आपल्यालाही वाटलं.

पण कादंबरी इथेच आहे. जिथे सहकाऱ्याचं मुंडकं उडालं त्याच खोलीत, त्याच खुर्चीत हा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर बसलाय. फरशी कोणी धुतली? चाव्या त्याच्या हाती कोणी दिल्या, आणि त्याने त्या का घेतल्या? फाटलेली पोथी पुन्हा मांडणीवर ठेवायची की कुलपात? केसिलियस बाहेरचा नव्हता, तोही इथेच शिकलेला. म्हणजे त्याने पूर्वी रीतसर पुस्तकं वाचायला नेली असणार, आणि ती कोणी तरी हसतमुखाने त्याच्या हातात दिली असणार. नव्या ग्रंथपालाने समोर आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे आता कोणत्या नजरेने बघायचं? तुमची तीन प्रकरणं बाजूला ठेवा आणि त्या सकाळपासून सुरुवात करा. बालपणातलं जे लागेल ते आपोआप मधेमधे येईल, आणि जे येणार नाही ते लागत नव्हतं असं समजा.

ठाम वाक्यही वाँगकडे आहे. स्ट्रेंज त्याला विचारतो की ही पुस्तकं निषिद्ध आहेत का. वाँग म्हणतो, कामर-ताजमध्ये कोणतंही ज्ञान निषिद्ध नाही, फक्त काही प्रथा निषिद्ध आहेत. ऐकायला किती छान! पण याच धोरणापायी आधीच्या ग्रंथपालाचा जीव गेला. केसिलियसला वाचू दिलं म्हणून त्याला कळलं की कोणतं पान फाडायचं. वाँगच्या जागी तुम्ही-मी असतो तर पहिल्या आठवड्यात सगळं कुलूपबंद केलं असतं. चित्रपटात तो तेच वाक्य ठामपणे म्हणतो, म्हणजे मधल्या काळात कुलूप लावण्याचा मोह त्याला झाला असणार आणि तो त्यातून बाहेर आला असणार. कसा? हे तुमचं कथानक.

इथे प्रीक्वेलची, म्हणजे चित्रपटाच्या आधीच्या काळातल्या गोष्टीची, जुनी अडचण येते आणि ती तुम्हाला पुढे नक्की भेटणार, म्हणून आत्ताच बोलते. वाँगचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तो जगतो, ग्रंथपाल राहतो, २०२१ च्या स्पायडर-मॅनच्या चित्रपटापर्यंत सॉर्सरर सुप्रीम, म्हणजे जादूगारांचा प्रमुखही होतो. त्याच्या जिवाला धोका आहे असं दाखवून तुम्ही वाचकाला घाबरवू शकत नाही. शिवाय त्याला काय कळावं यालाही वरून मर्यादा आहे. कामर-ताजची गुरू एन्शंट वन स्वतःच डार्क डायमेन्शन या निषिद्ध काळ्या जगातून शक्ती घेते, हे गुपित चित्रपटात फुटतं. तुमच्या वाँगने फाटलेल्या पोथीच्या उरलेल्या पानांवरून ते आधीच शोधून काढलं तर चित्रपट मोडला.

नवे लेखक इथे एक पळवाट काढतात. शोध अगदी जवळ आणतात आणि मग आग लागते, पुरावा जळतो, साक्षीदार मरतो. वाचकाला हा खोटेपणा लगेच कळतो. त्यापेक्षा माणसाला स्वतःहून थांबू द्या. वाँगच्या हाती दोन ओळी येतात, त्यांचा अर्थ काय असू शकतो हे त्याला दिसतं, आणि तो पुढचा प्रश्न विचारत नाही. का विचारत नाही, हे तुमचं शेवटचं प्रकरण. गुरूवरची श्रद्धा म्हणून? भीती म्हणून? की ग्रंथपालाने पुस्तक द्यावं, वाचलं कोणी आणि का याचा हिशेब मागू नये, असं त्याचं आता ठरलंय म्हणून? यातलं कोणतंही निवडलंत तरी चित्रपटाला धक्का लागत नाही, आणि पुन्हा चित्रपट बघताना वाँगचा तो निर्विकार चेहरा वेगळा दिसायला लागतो. प्रीक्वेलमध्ये पणाला लावायची ती चित्रपटाने कधी मोजलेलीच नाही अशी गोष्ट.

दुय्यम पात्रंच का निवडतात, हा तुमच्या प्रश्नात दडलेला उपप्रश्न. त्याचं कारण व्यावहारिक आहे. नायकाच्या आयुष्यातलं महत्त्वाचं सगळं पुढच्या चित्रपटासाठी राखून ठेवलेलं असतं. कादंबरीकाराला त्याचं लग्न लावता येत नाही, मोडता येत नाही, त्याला अपंग करता येत नाही, त्याचं मतपरिवर्तनही करता येत नाही. भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नसते तसं. दुय्यम पात्र म्हणजे त्याच घरातली मागची खोली, मालक तिकडे फारसा फिरकत नाही. तिथे थोडी मोकळीक मिळते. थोडीच, हेही लक्षात असू द्या. स्टुडिओकडून कधी शेरा येतो की अमुक शहर वापरू नका, आणि कारण दिलं जात नाही. मग तीन वर्षांनी चित्रपट येतो आणि कारण पडद्यावर दिसतं. आपल्याकडे कर्णावर, भीष्मावर, द्रौपदीवर कादंबऱ्या झाल्या त्यांच्या लेखकांना हा जाच नव्हता. व्यासांच्या ऑफिसातून शेरे येत नाहीत.

हे किती जाचक असतं ते परिस्थितीवर अवलंबून असतं. पुस्तक चित्रपटाच्या आधी निघणार असेल तर लेखकाला पटकथाही पुरती मिळत नाही. चित्रपट येऊन दहा वर्षं झाली असतील तर मोकळीक जास्त, पण तोवर चाहत्यांनी प्रत्येक फटीत स्वतःची उत्तरं भरून ठेवलेली असतात. वाचकांचा वयोगट ठरलेला असतो. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी असेल तर मुंडकं उडाल्याची सकाळ वेगळ्या तऱ्हेने लिहावी लागेल. आणि लायसन्स, म्हणजे पात्रं वापरायची परवानगी, नक्की कशाचं, हा सर्वांत कोरडा पण कळीचा मुद्दा. बरीच पुस्तकं चित्रपटांवर नसून कॉमिक्सवर बेतलेली असतात. कॉमिक्समधला वाँग १९६३ मध्ये आला तो स्ट्रेंजचा नोकर म्हणून. त्याला ग्रंथपाल आणि तोडीस तोड जादूगार केलं ते चित्रपटाने. कॉमिक्सचं लायसन्स असेल तर तुमची ती सकाळ वापरताच येणार नाही.

हाइमडलचं उदाहरण इथे चांगलं आहे. 'थोर'च्या चित्रपटांत तो बायफ्रॉस्ट या इंद्रधनुषी पुलावरचा पहारेकरी. त्याला नऊही विश्वांतलं सगळं दिसतं आणि ऐकू येतं. चित्रपटात हे फार सोयीचं, कारण दोन वाक्यांत तो हवी ती बातमी देतो. कादंबरीच्या नायकासाठी मात्र ही शक्ती म्हणजे संकट. ज्याला सगळं दिसतं तो शोधणार काय? चकणार कुठे? रिचर्ड ली बायर्स यांच्या 'द हेड ऑफ मीमिर' (२०२०) मध्ये हाइमडल तरुण आहे, देवांचा राजा ओडिन गाढ मंत्रनिद्रेत आहे आणि हिमराक्षस चालून आलेत. हाइमडलबरोबर त्याची बहीण सिफ आहे. हे नातं कॉमिक्समधलं. चित्रपट त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. कॉमिक्सच्या परंपरेत राहिल्यामुळे लेखकाला एक घरचं माणूस फुकट मिळालं, ज्याच्याशी हाइमडल भांडू शकतो. दुय्यम पात्राला नायक करताना हे फार महत्त्वाचं. चित्रपटात त्याचे सगळे संवाद नायकाशी असतात. नायक काढून घेतला की तो बोलणार कोणाशी?

तुमच्या वाँगलाही कोणी तरी हवं. गुरू नको, शत्रूही नको. रोज समोर येणारं माणूस. मी असते तर ग्रंथालयात झाडलोट करणारा काठमांडूचा एखादा साधा माणूस घेतला असता, ज्याला जादू येत नाही आणि आधीचा ग्रंथपाल ज्याचा मित्र होता. 'इन्फिनिटी वॉर'च्या सुरुवातीला सँडविच घ्यायचं म्हणून स्ट्रेंज वाँगला पैसे विचारतो आणि वाँगच्या खिशात बहुधा दोनशे रुपये निघतील असं कळतं. न्यूयॉर्कच्या मधोमध रुपये! आपण थिएटरात सगळे हसलो होतो. ते रुपये नेपाळी असोत की आपले, हा माणूस बाजारात जातो, भाजी घेतो, घासाघीस करतो, एवढं त्यातून सिद्ध होतं. तिथे तुमचं एक अख्खं प्रकरण दडलंय, आणि ते कामर-ताजच्या भिंतीबाहेर घडेल.

आवाजाबद्दल. वाचकाच्या कानात हे काम करणारा अभिनेता बेनेडिक्ट वाँग याचा आवाज आधीच बसलेला असतो, त्याच्याशी तुम्हाला जुळवून घ्यावं लागतं. पण पडद्यावर जो माणूस एका ओळीत उत्तर देतो, त्याला प्रथमपुरुषी निवेदन दिलंत तर तो तीनशे पानं बोलत सुटेल आणि वाँग उरणार नाही. म्हणून तुमचं 'मी' काढून टाका आणि तृतीयपुरुषात लिहा, पण कॅमेरा त्याच्या खांद्यावरून हलू देऊ नका. मनातलं भरपूर, तोंडातलं कमी. स्ट्रेंजच्या विनोदांवर तो हसत नाही याची तुमच्या पहिल्या प्रकरणात फार आठवण करून दिली आहे. खरं तर तो एकदा हसतो, शेवटाकडे, जेव्हा स्ट्रेंज म्हणतो की केसिलियसने पोथी पूर्ण चोरायला हवी होती, कारण इशारे मंत्रांच्या नंतर येतात. म्हणजे ग्रंथपाल हसला तो पुस्तक नीट वाचण्याबद्दलच्या विनोदावर. हा माणूस विनोदाला विटलेला नाही; त्याचे विनोद वाचनातले आहेत. तुमच्या वाँगला तसे दोन-तीन द्या.

विनोदी पात्रांचं उलटं असतं. 'थोर'मधली डार्सी घ्या. २०११ मध्ये ती राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, शास्त्रज्ञ जेन फॉस्टरकडे इंटर्न म्हणून आलेली. सरकारी माणसं सगळं सामान उचलून नेतात तेव्हा तिला पडते ती आपल्या आयपॉडची. दोन तासांच्या चित्रपटात हे बहारीचं, पण प्रत्येक पानावर असं एक वाक्य आलं तर पन्नासाव्या पानापर्यंत वाचक थकतो. २०२१ च्या 'वांडाव्हिजन' मालिकेत तीच डार्सी खगोलभौतिकीची डॉक्टर होऊन येते. राज्यशास्त्र ते खगोलभौतिकी! ही उडी कोणी समजावून सांगत बसलेलं नाही. कोणी मला विचारलं तर मी तिची टवाळी सोडून या फटीत शिरेन. सगळ्यांनी जिला चहा-कॉफी आणणारी समजलं, त्या मुलीने गणिताचे पहिले पेपर दिले तेव्हा तिची थट्टा कोणी केली असेल?

काही पात्रांना मात्र हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांचं आकर्षण केवळ गूढपणात आहे, त्यांना आत शिरून समजावलं की ती विझतात. लावायचाच असेल तर दार बाजूचं शोधावं. सुपरहिरोंच्या बाहेरचं पण शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे 'स्टार वॉर्स'मधली कॅप्टन फॅझ्मा. चित्रपटात चकचकीत चिलखत आणि आवाज, बाकी काही नाही. डिलाइला डॉसन यांनी २०१७ मध्ये तिच्यावर कादंबरी लिहिली, ती फॅझ्माच्या मनात शिरून लिहिली नाही. पकडली गेलेली एक हेर चौकशीत फॅझ्माची पूर्वकथा सांगते, आणि चौकशी करणाऱ्याला ती ऐकण्यात स्वतःचा स्वार्थ आहे. वाचकाला भरपूर कळतं, पण शिरस्त्राण उतरल्यासारखं वाटत नाही.

एवढ्यातून तुमच्या कामापुरतं घ्यायचं ते असं: संवाद उतरवून ठाम वाक्य काढा, ते वाक्य डळमळेल अशा दिवसापासून सुरुवात करा, नायक पोचू शकणार नाही असा काळ निवडा, पात्राला बोलायला दुसरं माणूस द्या, आणि शेवट त्याच्या स्वतःच्या निर्णयावर आणा.

राहिला पाठवायचा प्रश्न, आणि इथे मला तुमचा हिरमोड करावा लागणार. कुठेच पाठवू नका. अशा पात्रांवर आपणहून लिहिलेलं हस्तलिखित लायसन्सवाले प्रकाशक उघडतही नाहीत. कायदेशीर कटकट नको म्हणून न वाचता परत करतात. इथे काम उलट्या बाजूने येतं. स्टुडिओ आणि प्रकाशक मिळून पात्र ठरवतात, मग लेखक शोधतात, आणि शोधतात तो स्वतःच्या पुस्तकांनी नाव कमावलेला. ओकोये लिहिण्याआधी झोबोई यांची पहिली कादंबरी नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत येऊन गेली होती. निवड झाल्यावरही आधी एका परिच्छेदाची कल्पना, मग प्रकरणवार आउटलाइन, मग खर्डा, आणि प्रत्येक टप्प्यावर स्टुडिओचं अ‍ॅप्रूव्हल. लेखनाचा हक्क सहसा लेखकाकडे राहत नाही. मोबदला बहुधा ठोक असतो आणि रॉयल्टी मिळाली तर मिळते. करार नीट वाचायला मी सगळ्यांना सांगते. अ‍ॅलन डीन फॉस्टर यांच्यासारख्या नामवंत टाय-इन लेखकालाही २०२० मध्ये थांबलेल्या रॉयल्टीबद्दल जाहीरपणे बोलावं लागलं होतं, आणि अमेरिकेतल्या विज्ञानकथा-लेखकांच्या संघटनेने तो विषय लावून धरला होता.

मराठीत लिहिलं म्हणून सूट मिळते असंही नाही. आपल्याकडे चुलबुल पांडेच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये असं अनोखं पात्र कॉपीराइटच्या संरक्षणाला पात्र ठरू शकतं, असं मत नोंदवलं आहे. फुकट वाचायला टाकलेली फॅनफिक्शन, म्हणजे चाहत्यांनी दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिलेल्या गोष्टी, कंपन्या बहुधा चालवून घेतात, पण ती त्यांची मर्जी. तुमचा हक्क नव्हे. विकायला निघालात तर प्रश्न संपला. मी वकील नाही, तेव्हा छापायचा विचार असेल तर कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला विचारा.

मात्र वाँगचं नाव बदलून, जादूची पिवळ्या ठिणग्यांची वर्तुळं निळी करून तीच कादंबरी पुढे रेटण्याच्या फंदात पडू नका. ते लपत नाही. त्याऐवजी वरचं सगळं पुन्हा वाचा आणि त्यातलं मार्व्हलचं काय आहे ते खोडा. कामर-ताज जाईल, एन्शंट वन जाईल, पोथी, पोर्टल, केसिलियस, सगळं जाईल. उरतो तो खून झालेल्या माणसाच्या खुर्चीत बसणारा नवा ग्रंथपाल आणि त्याच्यापुढचा प्रश्न, की कपाटं उघडी ठेवायची की कुलपं लावायची. ही कल्पना कोणाच्या मालकीची नाही. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगून ठेवलंय. आणि शंभरी ओलांडलेली, दुर्मीळ ग्रंथांची, रात्री नऊला एक शिपाई बंद करतो अशी वाचनालयं महाराष्ट्रात जागोजागी आहेत. तुम्ही एखाद्याचे सभासद असालही.

दोन्ही करायला हरकत नाही. आधी वाँगचं ते सकाळचं प्रकरण फॅनफिक्शन म्हणून लिहा आणि फुकट वाचायला टाका. त्याचा आवाज तुमच्या कानात आहे तोवर हात चालेल. चौथं प्रकरण तिसऱ्याला जोडायचा प्रयत्न करू नका, कोरी फाइल उघडा. लिहून झालं की इथेच टाका. पहिली पाच-सहा पानं वाचून सांगेन. त्याहून जास्त वेळ मिळेल असं वचन देत नाही, सध्या एका पुस्तकाची प्रुफं अंगावर आहेत.